रंगासह विकणे आहे

जुन्या मोटारींच्या विक्रीच्या जाहिराती वाचण्याचा छंद आम्हांस कित्येक वर्षांपासून आहे. घरात उपवर मुलगा अथवा मुलगी नसतानाही वधूवरांच्या जाहिराती चवीने वाचणारी मंडळी प्रत्येक कुटुंबात असतात. आमचा हा छंद त्यांच्याच जातीचा. घ्यावयाचे काही नसते, म्हणूनच वाचन निर्मळ होते. वाचता वाचता असे ध्यानात आले, की या दोन्ही जाहिरातींची भाषा सख्ख्या बहिणींसारखी आहे. कुल, वय, प्रकृती, आजवरचा इतिहास, सर्व काही तपशीलवार सांगितलेले असते. आणि मजकूर वर्णापाशी आला, की लेखणी अडखळते. मुलगी सावळी असली तर ती 'निमगोरी' होते, आणि मोटार जांभळी असली तर 'रंग ग्राहकाच्या इच्छेनुसार बदलून मिळेल' हे वाक्य तळाशी बारीक अक्षरांत येते.

मुलींच्या वर्णाविषयीच्या या लाजिरवाण्या रीतीवर पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि तरीही ती पुरती गेलेली नाही. मोटारीच्या वर्णाविषयी मात्र कोणी गंभीरपणे विचार केल्याचे आमच्या वाचनात नाही. आमच्या घरी गेल्या काही महिन्यांत हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला, आणि त्यावर वाद झाला. म्हणून हा प्रपंच.

प्रथम एक साधी गोष्ट पाहावी. मोटारीत बसलेल्या मनुष्यास आपल्या मोटारीचे काय दिसते? त्याला समोरची काच दिसते, वेग दाखविणारे घड्याळ दिसते, हातातले चाक, लाकडाची फळी, कातड्याची बैठक दिसते. बाहेरच्या रंगापैकी त्याच्या दृष्टीस पडतो तो बॉनेटचा एक तुकडा. बाकीचा सारा रंग रस्त्याने चालणाऱ्यांच्या, ओसरीवर बसलेल्यांच्या, शेतात वाकलेल्यांच्या वाट्यास जातो. मोटारीचे मोल मालक देतो, पेट्रोल मालक भरतो, आत बसण्याचे सुखही तोच भोगतो. रंग तेवढा तो परक्यांच्या डोळ्यांसाठी विकत घेतो. कपाळावरच्या गंधाची तऱ्हा हीच आहे. ज्याने लावले त्याला ते दिसत नाही, समोरच्यास आधी दिसते. रंग हा मोटारीने रस्त्यास पाठविलेला निरोप आहे असे आम्ही म्हणतो, ते या अर्थाने. एखादी उंची, जुनी मोटार चमत्कारिक रंगात विक्रीस आली, तर किंमत विचारण्याआधी तिचा निरोप काय होता आणि तो कोणासाठी होता, हे विचारावे.

रंग हा निरोप आहे ही गोष्ट आपल्या कायद्यासही ठाऊक आहे. १९८९ सालच्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२१ वा नियम सांगतो, की ऑलिव्ह ग्रीन हा रंग संरक्षण खात्याच्या वाहनांखेरीज अन्य वाहनांस देता येणार नाही. त्या काळपट हिरव्या रंगाची गाडी पाहून वाटेवरच्या मनुष्याने 'लष्कर आले' असे समजावे आणि त्यात त्याची फसगत होऊ नये, एवढीच इच्छा त्यामागे आहे. एका रंगाचा अर्थ सरकारने राखून ठेविला. बाकीच्या रंगांचा अर्थ ठरविण्याचे काम मालकावर सोपविले.

पूर्वी हा निरोप पाठविणे फार खर्चाचे होते. घोड्यांच्या बग्ग्या रंगविण्याची जी रीत होती, तीच पहिल्या मोटारींस लागू झाली. थरावर थर द्यावयाचे, प्रत्येक थर वाळू द्यावयाचा, घासावयाचा, त्यावर व्हार्निश चढवावयाचे. एक गाडी हातावेगळी होण्यास आठवड्यांमागून आठवडे जात. अमेरिकेत हेन्री फोर्ड यांची 'मॉडेल टी' १९०८ साली निघाली, तेव्हा ती तांबड्या, हिरव्या, करड्या अशा रंगांत मिळे. पुढे कारखान्याचा वेग वाढला, आणि १९१४ पासून १९२५ पर्यंत ती केवळ काळ्या रंगातच मिळू लागली; कारण भट्टीत वाळविता येणारे ते काळे रोगण स्वस्त होते आणि टिकाऊही होते. लक्षावधी मोटारी रस्त्यांवर आल्या आणि सर्वांनी मिळून एकच शब्द उच्चारला. १९२३ च्या सुमारास ड्यूपाँ कंपनीने ड्युको नावाचे नवे रोगण आणले. आठवड्यांचे काम तासांवर आले, आणि जनरल मोटर्सच्या 'ओकलंड' मोटारी १९२४ च्या नमुन्यात निळ्या होऊन बाहेर पडल्या. आपल्याकडील जुने कारागीर रंग कोणत्याही कंपनीचा असो, 'ड्युको मारला' असेच म्हणतात, त्याचे मूळ हे.

श्रीमंतांच्या मोटारींची गोष्ट निराळी होती. रोल्स-रॉइस कंपनी दुसऱ्या महायुद्धापर्यंत चाकांसह सांगाडा आणि एंजिन तेवढे विके. वरचा साज गिऱ्हाइकाने आपल्या पसंतीच्या कारागिरांकडून बांधवून घ्यावयाचा. एंजिन सर्वांचे सारखे, साज ज्याचा त्याचा. १९०७ साली कंपनीचे व्यवस्थापक क्लॉड जॉन्सन यांनी एक मोटार ॲल्युमिनियमच्या रंगाने रंगविली, तिच्या बाहेरच्या सामानावर चांदीचा मुलामा चढविला आणि तिचे नाव 'सिल्व्हर घोस्ट', म्हणजे रुपेरी भूत, असे ठेविले. पुढे त्या जातीच्या साऱ्याच मोटारींस लोक त्या नावाने ओळखू लागले. एकीच्या रंगावरून हजारोंचे बारसे झाले.

अशाच एका साजाची हकीकत आपल्या देशातील आहे. राजकोटचे ठाकोरसाहेब धर्मेंद्रसिंहजी यांच्यासाठी १९३४ साली रोल्स-रॉइसची एक 'फँटम टू' मोटार तयार झाली. तिचा साज इंग्लंडमधील थ्रप अँड मेबर्ली या प्रसिद्ध कारागिरांनी बांधिला, आणि रंग दिला केशरी. 'स्टार ऑफ इंडिया' या नावाने ती जगभर ओळखली जाते. आता केशरी हा रंग आपल्या देशात मुका नाही. रजपुतांच्या इतिहासात अखेरच्या लढाईस निघताना अंगावर चढविण्याचा तो रंग. आणि त्याचा जवळचा नातलग जो भगवा, तो संन्याशाच्या छाटीचा आणि आपल्या निशाणाचा. प्राणावर उदार होणे आणि सर्वस्व सोडणे, या दोन गोष्टी ज्या रंगाशी जडलेल्या आहेत, तो रंग एका विलासाच्या वस्तूवर चढला. वाटेवर उभ्या असलेल्या शेतकऱ्यास त्यातून कोणता निरोप मिळाला असेल?

याचे उत्तर त्याच संस्थानाचा पुढील इतिहास देतो. धर्मेंद्रसिंहजींचे वडील लाखाजीराज हे प्रजेस मान देणारे राजे होते. त्यांनी १९२३ साली प्रजाप्रतिनिधी सभा स्थापिली होती. १९३० साली ते वारले. मुलाच्या कारकीर्दीत खजिना रिता होऊ लागला, आणि आगपेट्या, साखर, तांदूळ अशा रोजच्या जिनसांचे मक्ते विकून तो भरण्याचा उद्योग सुरू झाला. १९३८ साली प्रजेने सत्याग्रह आरंभिला. त्या वर्षीच्या डिसेंबरात वल्लभभाई पटेलांशी ठाकोरसाहेबांनी तडजोड केली आणि थोड्याच दिवसांत ती मोडली. ज्या राजकोटात महात्मा गांधींचे बालपण गेले, जेथे त्यांचे वडील दिवाण होते, तेथेच कस्तुरबांस अटकेत राहावे लागले, आणि १९३९ च्या मार्चमध्ये गांधीजींनी तेथे उपवास केला. पुढच्याच वर्षी ठाकोरसाहेब निवर्तले. ज्या गावात काड्यापेटीचाही मक्ता होता, त्या गावात केशरी मोटार होती. दोन्ही गोष्टी एकाच दरबारच्या.

पुढे ही मोटार राजकोटातून गेली. १९६८ च्या सुमारास ती परदेशी विकली गेली आणि चार दशके परक्यांच्या घरी राहिली. २०१० साली ती मोनॅकोस विक्रीस निघाली, तेव्हा राजकोटच्या वंशजांनी ती परत मिळविली आणि केशरी रंगासह घरी आणली. कोणी म्हणेल, जो रंग पूर्वजाच्या उधळपट्टीची आठवण देतो तो कशास जपावा? आमचे मत उलट आहे. ती मोटार मध्यंतरी कोणी काळी करून टाकली असती, तर आज ती एक सुंदर जुनी मोटार राहिली असती आणि राजकोटविषयी तिला एक अक्षरही सांगता आले नसते. रंग आहे म्हणून प्रश्न विचारता येतो. साक्षीदार आपल्या बाजूचा नसला, तरी त्याचे तोंड बंद करणे हा न्याय नव्हे.

राजाची मोटार राजाच्या इच्छेने केशरी झाली. दुसऱ्या एका मोटारीवर रंग चढला तो कलावंताच्या इच्छेने, आणि तिच्या निरोपास रस्त्याने रोकडे उत्तरही दिले. बीटल्स या जगद्विख्यात गायकमंडळीतील जॉन लेनन, जे १९६८ साली हृषीकेशास महर्षी महेश योगींच्या आश्रमात राहून गेले, त्यांनी १९६५ साली रोल्स-रॉइसची 'फँटम फाइव्ह' मोटार घेतली. ती काळी होती. १९६७ साली त्यांनी ती पिवळीधमक करविली. पिवळ्यावर तांबड्या, हिरव्या, निळ्या वेलबुट्ट्या आणि फुले, आणि छपरावर त्यांच्या तूळ राशीचे चिन्ह. फिरस्त्या जिप्सी लोकांच्या लाकडी गाड्यांवर जसे चित्रकाम असते, तसे ते होते. लंडनच्या रस्त्यात एका बाईने संतापून त्या मोटारीवर छत्रीचा प्रहार केला आणि रोल्स-रॉइसची ही विटंबना केल्याबद्दल शिव्या हासडल्या, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. त्या बाईंचा आम्हांस राग येत नाही. मोटार तिची नव्हती. पण तिचा रंग आपल्यालाही लागतो, आपल्याशीही बोलतो, हे तिने बरोबर ओळखले होते. तिला उत्तर आवडले नाही, इतकेच.

काळाने मात्र त्या बाईंच्या विरुद्ध निकाल दिला. लेनन यांनी ती मोटार १९७७ साली न्यूयॉर्कच्या एका संग्रहालयास देऊन टाकली. १९८५ साली ती लिलावात निघाली, तेव्हा २२,९९,००० डॉलर इतकी किंमत आली. घेणारे जिम पॅटिसन यांनी ती कॅनडातील व्हँकुव्हर येथील १९८६ च्या प्रदर्शनात मांडली, आणि पुढे ती ब्रिटिश कोलंबिया प्रांतास दिली. व्हिक्टोरिया येथील प्रांताच्या संग्रहालयाकडे ती आहे. 'फँटम फाइव्ह' जातीच्या सुमारे पाचशे मोटारी झाल्या. एंजिन, कातडे, लाकूड यांत लेनन यांची मोटार इतरांहून फारशी वेगळी नव्हती. लक्षावधी डॉलर पडले ते मालकाच्या नावासाठी, आणि ते नाव ज्या पिवळ्या रंगाने रस्त्यावर उच्चारले होते, त्यासाठी.

वारसांच्या दृष्टीने याहूनही बोधप्रद गोष्ट अमेरिकेतील गायिका जॅनिस जॉप्लिन यांच्या मोटारीची आहे. त्यांची पोर्श मोटार १९६४ सालची. १९६८ साली त्यांनी डेव्ह रिचर्ड्स नावाच्या आपल्या सहकाऱ्याकडून तिच्यावर सगळीकडे चित्रे काढून घेतली. फुलपाखरे, डोंगर, डोळे, माणसांचे चेहरे. गावात कोठेही ती उभी राहिली, की चाहते ओळखीत आणि काच पुसणाऱ्या दांड्याखाली चिठ्ठ्या अडकवून जात. एकदा ती चोरीस गेली, तेव्हा चोराने ओळख बुजविण्यासाठी तिच्यावर करडा रंग फासला. चोरास जे कळले ते पुष्कळ सज्जनांस कळत नाही: रंग म्हणजेच ओळख, आणि ओळख लपवावयाची तर आधी रंग मारावा लागतो. १९७० साली जॉप्लिन वारल्या. कालांतराने मोटार कुटुंबाकडे आली. चित्रांचे पोपडे निघत होते, म्हणून कुटुंबाने ती पुन्हा मूळच्या करड्या रंगात आणली. वीसएक वर्षे गेली, आणि त्याच कुटुंबाने चित्रकार लावून, जुनी छायाचित्रे समोर ठेवून, ती सारी चित्रे पुन्हा काढविली. २०१५ साली लिलावात तिला १७ लाख ६० हजार डॉलर मिळाले.

येथे चिकित्सक वाचक म्हणेल, की मग पुन्हा काढलेली चित्रे खरी कशी? शंका रास्त आहे. म्हणूनच जुन्या मोटारींचे जाणकार मूळ रंगाचा शोध पुराणवस्तूंच्या अभ्यासकासारखा घेतात. बैठकीच्या कातड्याखाली, दाराच्या कडेस, समोरच्या फळीच्या मागे, जेथे ऊन आणि नवा ब्रश पोहोचत नाही, तेथे पहिला रंग तग धरून असतो. एखाद्या मोटारीचा पहिला रंग फिकट, तडकलेला पण अस्सल असेल, तर चकचकीत नव्या रंगाहून तिची किंमत अधिक धरणारे ग्राहक आता पुष्कळ आहेत. पण हा विचार मोठ्या नावांच्या मोटारींपुरता. ज्यांचे नाव तालुक्याबाहेर कोणास ठाऊक नाही, त्यांच्या मोटारीच्या रंगाचे काय? आमच्या घरचा प्रश्न नेमका हा होता.

आमचे थोरले चुलते कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी डॉक्टर होते. १९४८ च्या मार्चमध्ये दक्षिणेकडील मराठी संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. त्यानंतर दरबारी मोटारी एकामागून एक विकल्या जाऊ लागल्या, आणि एका लहान संस्थानची १९३७ सालची ब्युइक, आठ सिलिंडरांची, फिरत फिरत काकांच्या हाती आली. ती काळी होती. काका तीतून आसपासच्या खेड्यांत जात. पण त्या काळी त्या वाटांवर मोटार येई ती बहुधा सरकारी कामाची. सारा, जप्ती, टोचणी, यांपैकी काहीतरी आले असे समजून बायका पोरांना घेऊन आत होत आणि दारे लावून घेत. तापाने फणफणलेल्या पोराच्या घराला बाहेरून कडी आणि डॉक्टर अंगणात उभा, असा प्रकार दोन-तीनदा घडला. तेव्हा १९५५ साली काकांनी मोटार कोल्हापुरास नेली आणि तिला अबोली रंग देवविला. रंगाऱ्यास नमुना हवा होता. काकूंनी अबोलीचा वळेसर पाठविला. अबोलीस वास नाही, पण ती लवकर कोमेजत नाही. नमुन्यास त्यामुळे अडचण पडली नाही.

त्या रंगाची मोटार त्या प्रांतात दुसरी नव्हती. ज्वारीच्या उभ्या पिकामागून तिचे छप्पर दिसले, तरी पोरे 'डॉक्टर आला' म्हणून ओरडत गावात धावत आणि दारे उघडत. नोंदणीच्या पुस्तकात रंगाच्या रकान्यात 'ऑरेंज' असे लिहिलेले आहे. कचेरीतील कारकुनास अबोली कशी सुचावी? पण वाटेवरच्या गावांत तिचे नाव 'अबोली गाडी' असेच होते. काका जाऊन आता कित्येक वर्षे झाली. मोटार वाड्याच्या परसात पत्र्याच्या पडवीत उभी आहे. एंजिन अजून चालू होते, रंग फिकटला आहे, दोन ठिकाणी पत्रा दिसतो.

मोटार विकावी यावर घरात दुमत नव्हते. तिची निगा राखणारा कोणी राहिला नाही, आणि पाच वाटेकरी असलेल्या वस्तूस पाच मालक असतात पण धनी एकही नसतो. शिवाय २०२१ सालच्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरील मोटारीची 'व्हिंटेज' म्हणून निराळी नोंद होते, आणि अशी नोंद झालेली मोटार रोजच्या वापरास अथवा धंद्यास रस्त्यावर काढता येत नाही. म्हणजे जो कोणी घेईल, तो मुख्यतः पाहण्यासाठीच घेणार. दलालाने एक गिऱ्हाईक आणिले. महामार्गावरील एका विश्रामगृहाचे ते मालक. त्यांस दरवाज्यात जुनी मोटार उभी करावयाची होती. मोटार पसंत पडली. अट एकच: खालून काळी आणि वरून मलईच्या रंगाची करून द्यावी, म्हणजे 'राजेशाही थाट' येईल. तसे केल्यास रंगाचा खर्च वजा जाता तीन लाख रुपये अधिक. आम्हांस मनात हसू आले. खऱ्याखुऱ्या राजाने केशरी मोटार घेतली, आणि राजेशाही म्हणून विकावयाची ती मात्र काळी आणि मलईची! बाजाराने राजांची कल्पनासुद्धा आपल्या सोयीने बेतून घेतली आहे.

पण तीन लाख ही हसण्यावारी नेण्याची रक्कम नाही. वाड्याच्या माजघरावरच्या तुळया कुजल्या आहेत, आणि सुताराने त्यांसाठी जो आकडा सांगितला, तो जवळपास तितकाच आहे. आमचे धाकटे बंधू हिशेबाचे पक्के. ते म्हणाले, "दादा, रंगाची गोष्ट सुंदर आहे, मला ती तुमच्याइतकीच प्रिय आहे. पण तुळई गोष्टीवर उभी राहत नाही." त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. सूनबाईंनी तोडगा सुचविला, की चारी बाजूंनी छायाचित्रे घेऊन ठेवावी आणि मग रंग द्यावा. आम्ही जॉप्लिनबाईंच्या मोटारीची कथा सांगितली: त्यांचे रंग छायाचित्रांवरून पुन्हा चढले, कारण जग त्यांस विसरले नव्हते आणि कुटुंब मागे उभे होते. आमच्या काकांसाठी वीस वर्षांनी कोण चित्रकार लावणार? एकदा घासून काढलेली अबोली कायमचीच गेली.

काकूंचे वय नव्वदीच्या पुढे आहे. त्या कोपऱ्यात वाती वळीत बसल्या होत्या. त्यांचा यात वाटा आहे आणि शब्दही आहे, म्हणून धाकट्या बंधूंनी त्यांस विचारले, "काकू, तुम्ही काय म्हणता? शेवटी मोटार काकांची."

काकू म्हणाल्या, "मोटार ह्यांची, हे खरं. पण रंग मी पाठवला होता, आणि तो ह्यांच्यासाठी नव्हता. हे तर आत बसायचे, ह्यांना कुठला दिसायला? रंग काढायचा तर त्या वाटेवरच्या गावांना विचारून या. त्यांनी हो म्हटलं, तर माझं काही म्हणणं नाही." आणि त्या पुन्हा वाती वळू लागल्या.

त्यांच्या बोलण्यावर बराच वेळ कोणी काही बोलले नाही. मोटार विकली, म्हणजे ती आपल्या हातून गेली. घेणारा उद्या तिला जांभळी करो की काळी करो, त्यास आपण अडवू शकत नाही, हे आम्ही सर्वजण जाणतो. विकलेल्या वस्तूवर मन ठेवणे शहाणपणाचे नाही. प्रश्न एवढाच उरतो, की ती पुसण्याचे काम आपल्या हाताने करून, त्याचे पैसे आपण घ्यावे काय? ज्या रंगाने उघडलेली दारे कित्येक वर्षे उघडी राहिली, तो रंग विक्रीच्या सोयीसाठी आधी घासून काढणे म्हणजे मोटारीचा पत्रा विकणे आणि मोटार मोडणे होय. राजकोटच्या मोटारीचा केशरी रंग प्रजेस 'बाजूस व्हा' म्हणत असेल, आमच्या मोटारीची अबोली 'जवळ या' म्हणत होती. पहिला टिकला, तर दुसऱ्याने का जावे?

अखेर ठरले ते असे. विश्रामगृहाच्या मालकांस नम्र नकार कळवावा. दसऱ्यापर्यंत जाहिरात द्यावी, आणि तीत रंगाचा उल्लेख तळाशी न टाकता पहिल्या ओळीत करावा. दसऱ्यापर्यंत कोणी न आल्यास पुन्हा बसून विचार करावा. जाहिरातीचा मजकूर धाकट्या बंधूंनीच लिहिला, हे येथे सांगितले पाहिजे. हिशेबी माणसाच्या अक्षरात तो आहे: 'विकणे आहे. रंग अबोली, १९५५ सालचा, फिकट झालेला. मोटार ब्युइक, १९३७. रंग बदलून मिळणार नाही.' त्यांवर आलेल्या चौकशांत दोघांनी अबोली म्हणजे कोणता रंग असे विचारले. त्यांस परसातल्या फुलांचे छायाचित्र पाठविले.

हे लिहीत असता श्रावण लागला आहे. माजघरात तीन ठिकाणी गळते. तुळयांस खालून टेकू दिले आहेत, कौलांवर ताडपत्री अंथरली आहे, आणि खाली काकूंनी एक परात व दोन पातेली मांडून ठेविली आहेत. परसातील पडवी मात्र मजबूत आहे. घरातील सर्व वस्तूंत सध्या कोरडी अशी ती मोटारच.